पहिली गिअरची गाडी: ठाणे-नवी मुंबईत नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ठाण्यात बाईक चालवणाऱ्याचा निम्मा जन्म पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, कळवा नाका. खाडीपलीकडे तुर्भे आणि उरण फाटा. त्यामुळे गाडी किती पळते हा प्रश्न इथे जवळजवळ बिनकामाचा आहे. ट्रक आणि रिक्षांच्या मधोमध, चढावर, पावसात, पाय न टेकवता गाडी रांगत ठेवता येते का, हे विचारा. खालचं सगळं त्या धोरणाने लिहिलंय, आणि गिअरची गाडी कधीच हातात न धरलेल्या माणसासाठी लिहिलंय. सायकल येते एवढं मात्र गृहीत धरलंय. येत नसेल तर आधी ती शिकून घ्या. चाळिशीत शिकणारेही असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी कागद

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण हवं. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. ‘सोसायटीच्या आतच तर फिरवतोय’ म्हणून सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात चावी देणाऱ्या आईवडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं: २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लर्निंग लायसन्सचा अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर होतो. आधारच्या आधारे ओळख पटवली तर परीक्षाही घरबसल्या देता येते. तिथे वाहनाचा प्रकार निवडताना ‘मोटारसायकल विथ गिअर’वरच खूण करा. घाईत ‘विदाउट गिअर’ निवडलं तर ते लायसन्स स्कूटरपुरतंच राहतं. कारही शिकायची असेल तर त्याच अर्जात तीही निवडा, म्हणजे एकाच लर्निंगमध्ये दोन्ही होतात. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं.

लर्निंग सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. बरेच जण एकतिसाव्या दिवशीची तारीख घ्यायला धावतात. माझं मत विचाराल तर दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि मागे बसवायचं तर फक्त शिकवणाऱ्याला. मित्राला डबल सीट घेऊन नाक्यावर चहाला जाणं यात बसत नाही.

हेल्मेट आधी, गाडी नंतर

बजेट ठरवताना हेल्मेट, हातमोजे, बूट आणि रेनसूट यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बघा. उलटं केलं की ऑन-रोड किंमत भरता भरता खिसा रिकामा होतो आणि डोक्यावर फूटपाथवरची टोपी येते.

हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक बघा. पण नुसत्या स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर कुठेही छापून मिळतात. दुकानात घालून बघा. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत, कपाळावर एकाच जागी टोचता कामा नये. पट्टा लावून मान खाली घाला आणि मित्राला मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे लोटायला सांगा. डोक्यावरून निघून आलं तर एक साइज लहान बघा. डोकं हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबर न हलता मागाहून हललं तरी तेच. फुल फेस घ्या, कारण तोंडावर पडणाऱ्याला अर्ध्या हेल्मेटचा काय उपयोग? काळी काच संध्याकाळनंतर आंधळं करते, म्हणून साधी पारदर्शक घ्या. आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा आज ना उद्या दोन लागणारच.

हातमोजे का, तर पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकतो. चपला, सँडल गिअरच्या गाडीवर नकोत. घोटा झाकणारा बूट घ्या. ओढणी, स्टोल, सैल रेनकोटची टोकं, लोंबणारे बॅगेचे बंद हे सगळं चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतं. खोचून किंवा बांधूनच सेल्फ मारा.

कोणती गाडी

१०० ते १२५ सीसी. इथेच हा विभाग संपवता आला असता, पण लोक ऐकत नाहीत.

आकडेच बघा. हीरोच्या १०० सीसीच्या स्प्लेंडर प्लसचं वजन सुमारे ११२ किलो आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, उंची ८०५. म्हणजे ८० किलोंहून जास्त फरक, एक अख्खा माणूस. गाडी चालू असताना हे वजन जाणवत नाही आणि शोरूममधली टेस्ट राइड नेमकी सरळ रस्त्यावर होते. ते जाणवतं पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना, उतारावर वळवताना, सिग्नलला पाय टेकवलेल्या जागी खड्डा निघाला तेव्हा. नवशिक्याच्या गाड्या बहुतेक अशाच पडतात: उभ्या, शून्य वेगात.

बसून बघताना दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत. टाच टेकली तर उत्तम. उंची कमी असलेल्यांनी सीटच्या उंचीच्या आकड्यावरच जाऊ नये. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. बूट घालूनच बसा. मग गाडीवरून उतरा, ती डाव्या बाजूने धरून पाच-दहा पावलं मागे ढकला. सेल्समन घाई करेल, करू द्या.

ब्रेकविषयी: १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, १२५ आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांवर जोर वाटला जातो. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. पुढे डिस्क आणि एबीएस असलेली १२५ ची गाडी परवडत असेल तर त्या जास्तीच्या पैशांची हळहळ करू नका. अलॉय व्हील, ब्लूटूथ, डिजिटल मीटर यांच्यासाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. हा फरक लोक मोठी गाडी घेण्यात घालवतात. तो हेल्मेटात घालवा.

जुनी घेत असाल तर

शिकायला जुनी गाडी केव्हाही बरी. पहिल्या ओरखड्याला जीव जात नाही आणि वर्षा-दोन वर्षांत विकली तर फार नुकसानही होत नाही. मात्र बघायला सकाळी जा, आणि मालकाला ‘गाडी चालू करून ठेवू नका’ असं आधीच सांगा. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर समजायचं की थंड इंजिनाची काहीतरी तक्रार झाकली जातेय. थंड इंजिन सेल्फला किंवा दोन-तीन किकमध्ये उठलं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरून बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलंय. मेन स्टँडवर घेऊन हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर ‘खट्’ करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर बदलायचाच, ते पैसे किमतीतून वजा करून मागा.

आपल्याकडचा खास दोष म्हणजे बुडालेली गाडी. बदलापूर, कल्याण, दिवा या पट्ट्यातल्या सखल पार्किंगमध्ये पाणी शिरतं आणि धुऊन-पुसून गाड्या पुन्हा बाजारात येतात. सीट काढा. बॅटरीच्या खणात, फ्यूजच्या डबीत, वायरींच्या जोडावर वाळलेला गाळ किंवा हिरवट थर दिसला की नमस्कार करून निघा.

कागदांत चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. चासी नंबर बहुतेक हँडलच्या मानेपाशी ठोकलेला असतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडीच्या नंबरवर थकलेली ई-चलनं किती आहेत ते ऑनलाइन दिसतं. आणि नावावर करणं लांबवू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. एमएच-४३ (नवी मुंबई) ची गाडी एमएच-०४ (ठाणे) मध्ये आणायची असेल तर वाशी आरटीओची एनओसीही लागेल. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. ‘करू रे आरामात’ म्हणणारा विकणारा गोड वाटतो, पण उद्या अपघात झाला तर दोघंही अडकतात.

मैदानातले दिवस

रविवारी सकाळी सातला रबाळे-महापेच्या एमआयडीसीतला एखादा आतला रस्ता, खारघरच्या आतल्या सेक्टरमधले रुंद रिकामे रस्ते किंवा एखादं परवानगी असलेलं मैदान गाठा. सोबत शांत माणूस हवा. ओरडणारा काका नको, मग तो कितीही छान चालवत असो. हा एक नियम मोडू नका.

पहिला दिवस इंजिन बंद ठेवूनच. गाडी डाव्या बाजूने धरा, पुढच्या ब्रेकवर दोन बोटं, आणि ढकलत एक चक्कर मारा. मग उलट्या दिशेने. साइड स्टँड, मेन स्टँड लावा-काढा. मेन स्टँडला ताकद लागत नाही: स्टँडच्या दांड्यावर उजव्या पायाने सगळं अंग टाकायचं, हातांनी फक्त गाडीचा तोल धरायचा.

दुसऱ्या दिवशी क्लच, म्हणजे डाव्या हाताखालची दांडी. बसा, इंजिन चालू, क्लच पूर्ण आत, डाव्या पायाने पहिला गिअर. (काही १०० सीसीच्या गाड्यांत सगळे गिअर खाली पडतात, बाकी बहुतेकांत एक खाली आणि उरलेले वर, आपल्या गाडीचं घरी बघून ठेवा.) आता एक्सलेटरला हातही लावू नका. क्लच केसाकेसाने सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित ताणल्यासारखी होते आणि चाक पुढे सरकू बघतं. तिथेच बोटं थांबवा. पुन्हा दाबा. पुन्हा सोडा, तिथेच थांबा. गाडी बंद पडेल, धक्का देईल, पडू दे. त्या जागेला कुणी बाइटिंग पॉइंट म्हणतं, कुणी हाफ क्लच. डोळे मिटून सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. सपाट रस्त्यावर छोटी गाडी रेस न देताही नुसत्या क्लचवर रांगते, आणि ते एकदा अनुभवलं की निम्मी भीती जाते.

मग हळू चालवणं. शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकल रेस आठवते? तीच इथे. बाइटिंग पॉइंटवर क्लच, थोडी स्थिर रेस, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका दाबून; पाय फूटरेस्टवर, नजर लांब. चाकासमोर बघितलं की तोल गेलाच. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वीस-पंचवीस मीटर सरळ जाता आलं की वळणं घ्या, आणि मग इंग्रजी आठ. परीक्षेत आठ काढायला लावतात म्हणून नव्हे. गावदेवी किंवा कोपरीच्या गल्लीतून समोरून रिक्षा आल्यावर हेच उपयोगी पडतं.

ब्रेकला सर्वात जास्त वेळ द्या. ‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील’ हा सल्ला घराघरात मिळतो आणि तो घातक आहे. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढेच असते. मागचं चाक हलकं होऊन लवकर घसरतं. फक्त पुढचा ब्रेक कचकन ओढायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा, हँडल सरळ असताना. वाळूवर, वळणात, तेलावर त्याला जपून. २० च्या वेगाने येऊन ठरलेल्या रेषेवर थांबा, मग ३०, मग ४०. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे धोका दिसून बोटं ब्रेकपर्यंत जाईस्तोवर एखाद्या बसच्या लांबीइतकं अंतर सरलेलं असतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सुमारे चौपट होतं.

शेवटी चढ. ठाण्यात पुलांच्या चढावर ट्रॅफिक तुंबतोच. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर. क्लच बाइटिंग पॉइंटवर आणा, थोडी रेस, गाडी ताणली की मगच ब्रेक सोडा. मागे सरकली नाही पाहिजे. मागे बेस्टची बस उभी आहे असं समजून सराव करा.

रस्त्यावर

आधी आतले रस्ते: वर्तकनगर, वसंत विहार, नेरुळ-सीवूड्सचे सेक्टर. सकाळी लवकर. मग तेच रस्ते संध्याकाळी. त्यानंतर रविवारी ठाणे-बेलापूर रोड. पाम बीच रोडचा मोह टाळा. सरळ, रुंद आणि गुळगुळीत, म्हणूनच तिथे वेग कधी वाढला ते कळत नाही. येऊरला जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतलं गाव आहे, शिकायचं मैदान नव्हे. घोडबंदरचा गायमुख घाट, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली सर्कल हे सगळं पहिले काही महिने सोडून द्या. तिथे कंटेनरची रांग असते.

या ट्रकांबद्दल जरा सविस्तर. ड्रायव्हर उजवीकडे उंच बसतो, त्यामुळे डाव्या दरवाजाखाली, पुढच्या चाकापाशी असलेला बाईकवाला त्याला दिसतच नाही. बरोबर तिथूनच आपल्याला सिग्नलला पुढे घुसायची खोड असते. सिग्नल सुटला, ट्रक डावीकडे वळला, की त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात आणि तुम्ही ट्रक व फूटपाथ किंवा कठडा यांच्यामध्ये येता. साधी खूण: ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागे थांबा. हॉर्न वाजवून काही होत नाही, तो काचा बंद करून गाणी ऐकत असतो.

रिक्षाचं वेगळं. इंडिकेटरची वाट बघू नका. पुढचं एकुलतं चाक बघा. प्रवासी हात करतो, ते चाक आधी तिरकं होतं, मग रिक्षा. स्टेशनजवळ कुठल्याही रिक्षाच्या डाव्या बाजूने जायचं नाही. पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दरवाजा उघडेल एवढी जागा सोडा. लेन बदलताना आरसा पुरत नाही, खांद्यावरून एक नजर टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. संक्रांतीच्या आसपास पुलांवर वेग कमी आणि काच खाली. मांजा गळ्यावर येतो.

पाऊस

पहिल्या सरी सर्वात वाईट. रस्त्यावर साचलेलं तेल-धूळ वर येतं. घोडबंदरवर मेट्रोच्या कामाजवळ रस्त्यात लोखंडी प्लेटा टाकलेल्या असतात. कोरड्यात त्यांची नुसती खडखड ऐकू येते. ओल्यात त्यांच्यावर ना ब्रेक लागतो, ना वळता येतं. आधीच वेग कमी करा, प्लेटेवर हँडल सरळ, रेस स्थिर, ब्रेकला हात नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटारांची झाकणं यांनाही हाच नियम. खड्डा टाळता येणार नसेल तर त्याच्या आधी ब्रेक लावा आणि आत चाक जायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला ठेवून खड्ड्यात गेलात तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो आणि सगळा हिसका मनगटांवर येतो.

साचलेल्या पाण्यात खोली माहीत नसेल तर जाऊच नका. पुढच्या रिक्षाच्या चाकाकडे बघून अंदाज घ्या. गेलातच तर पहिला गिअर, रेस एकसारखी, मध्ये थांबणं नाही. बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक हलके दाबून वाळवा. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका, ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिककडे न्या. पावसाळ्यात चेनला दर आठवड्याला ऑइल किंवा लूब, आणि टायरची हवा गाडी थंड असताना बघायची.

पहिली लांबची फेरी

पक्कं लायसन्स हातात आलं की सगळ्यांना लोणावळा सुचतो. थांबा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही, आणि दक्षिण मुंबईत जाणाऱ्या ईस्टर्न फ्रीवेवरही. मोबाईलच्या नकाशात दुचाकीचा पर्याय निवडला नाही तर तो बिनदिक्कत तुम्हाला तिकडेच धाडतो. पनवेलपुढे पळस्पे फाट्यावरून जुन्या महामार्गाने चौक, खोपोली असं जायचं. पण घाट पुढच्या वेळी. पहिल्यांदा पनवेलहून गोवा महामार्गाने कर्नाळ्यापर्यंत जा, दहा-बारा किलोमीटर आहे. हिवाळ्यात, सकाळी, एकट्याने किंवा एका जाणत्या बाईकवाल्याच्या मागे. घोळक्यात नको, घोळका आपल्या वेगाने चालत नाही. निघण्याआधी टायर, दोन्ही ब्रेक, चेन आणि सगळे दिवे बघा, आरसी-लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहे का तेही. दुपारच्या आत परत या, कारण कळंबोलीला कंटेनर वाढायला लागतात.